जामानिम्यातला जामा

वाईच्या घाटावर पहाटे वासुदेव आला की घरातली पोरं धावत दाराशी येतात. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात पायघोळ झगा. त्या झग्याला बायकी म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. पण कॉलेजातला मुलगा तेवढ्याच घेराचं काही घालून आला, तर गल्ली हसते. ते हसू काही समजुतींवर उभं आहे, आणि त्या समजुती तपासल्यावर टिकत नाहीत.

“घेरदार कपडे म्हणजे बायकांचे.” ‘जामानिमा’ हा शब्दच याला उत्तर देतो. जामा म्हणजे वर अंगासरशी बसणारा, कमरेखाली चुण्यांनी किंवा कळ्यांनी (खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यांनी) फुलणारा, बंदांनी बांधायचा पुरुषी पोशाख. निमा ही आखूड बंडी. शिवकालीन आणि पेशवेकालीन चित्रांत दरबारी माणसं या घेरात दिसतात. मेणवलीला वाडा बांधणारे नाना फडणवीसही पेशव्यांच्याच दरबाराचे. खाली सुरवार असे हे खरं, पण घेर पुरुषाचाच होता. धोतराचंही बघा. धोतराला निऱ्या आणि कासोटा, नऊवारीलाही निऱ्या आणि कासोटा. दोन्ही बिनशिवलेली वस्त्रं, फक्त लांबी आणि नेसण वेगळी. ग्रीसच्या राष्ट्रपतिभवनाबाहेर पहाऱ्यावरचे सैनिक आजही समारंभात ४०० चुण्यांचा पांढरा घागरा घालतात.

“असं घालणारा पुरुष दुबळा.” मरीआईचा पोतराज कमरेला खणांचा घागरा बांधतो, केस वाढवतो, कपाळी हळद-कुंकू लावतो आणि आसूड स्वतःच्याच अंगावर ओढतो. त्याला दुबळं म्हणायला कुणी धजत नाही. पण त्याचा गौरव करताना मी थांबतो. त्या घागऱ्याला आभरान म्हणतात, आणि पार्थ पोळके यांनी ‘आभरान’ याच नावाच्या आत्मकथनात पोतराजाच्या घरातलं दारिद्र्य मांडलं आहे. घागरा निवडीने घालणं वेगळं, प्रथेने कमरेला बांधला जाणं वेगळं.

“नाटकात बायका नव्हत्या म्हणून पुरुष साड्या नेसले, बाकी काही नाही.” हे अर्धं खरं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा स्त्रीपार्टी पुरुष ही गरज होती. पण पलूस तालुक्यातलं नागठाणे ज्यांचं गाव, त्या नारायण श्रीपाद राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, १९०५ मध्ये मिरजेत शकुंतला उभी केली, आणि गोष्ट गरजेपलीकडे गेली. त्यांची साडीची नेसण, दागिने, केसांतला गजरा घरंदाज बायका उचलू लागल्या. बाईने कसं नटावं याचा वस्तुपाठ एका संसारी पुरुषाने दिला! १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

“कपड्यांवरून माणूस कळतो, साडी नेसली म्हणजे तृतीयपंथी.” नाही. लिंगओळख ही आतली जाणीव. कपड्यावरून ती ओळखता येत नाही. २०१४ च्या नालसा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरलं.

“शिवण हे मुलींचं काम.” मग संत नामदेव शिंपी होते, त्याचं काय? बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या मशीनवर पुरुषच बसले. बायकांचे ब्लाउजही त्यांनीच बेतले. मुलाने घरी सुई धरली की मात्र आपण बिचकतो. ज्या मुलाला घेर शिवून बघायचाय, त्याच्यासाठी हिशेब देतो. कंबर ३२ इंच, कळ्या ८. प्रत्येक कळी वर ४ इंच, दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच शिलाईला, म्हणजे ५ इंच कापा. खाली तयार १६ इंच हवी असेल तर १७ इंच. आठही कळ्या जोडल्या की खाली १२८ इंचांचा घेर पडतो. टीप मारण्याआधी धावदोरा घाला. तिरक्या कडा ताणल्या जातात. काठ दुमडण्याआधी घेर रात्रभर टांगून ठेवा, कापड उतरतं. मग खालची कड सारखी करा आणि हाताने तुरपाई घाला.