मेदथेंबांचा शेजार

पेशीत साठवलेली चरबी मेदथेंबांच्या रूपात राहते. यकृत किंवा स्नायूंच्या पेशींत हे थेंब बहुधा एखाद-दुसऱ्या मायक्रोमीटरचे असतात. पांढऱ्या मेदपेशीत मात्र एकच थेंब 100 मायक्रोमीटरपर्यंत वाढतो आणि केंद्रकाला कडेला ढकलून जवळजवळ सगळी पेशी व्यापतो. थेंबाच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची इस्टर संयुगे असतात, तर बाहेर फॉस्फोलिपिडांचे आवरण असते. तंतुकणिका, लयकारिका यांसारख्या अंगकांचे पटल दुपदरी असते, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असते. थेंबाच्या आत तेल असल्याने त्याला एक पदर पुरतो: फॉस्फोलिपिडाचे पाण्याची ओढ असलेले टोक बाहेर राहते आणि शेपट्या तेलात बुडतात.

या एकपदरी रचनेमुळे मेदथेंब इतर अंगकांच्या पटलांशी नेहमीच्या पद्धतीने एकजीव होऊ शकत नाही. त्याची बरीचशी देवघेव चालते ती अगदी लगत येऊन, प्रथिनांच्या दुव्यांमार्फत. बराच काळ हे थेंब निष्क्रिय साठा मानले जात होते. 1991 मध्ये त्यांच्या पृष्ठभागावर पेरिलिपिन हे प्रथिन सापडले आणि साठ्यावर बारीक नियंत्रण असते, हे स्पष्ट होऊ लागले.

पहिला शेजारी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. थेंबाचा जन्मच तिच्यात होतो. तिच्यातील विकरे ट्रायग्लिसराइड तयार करतात आणि ते तिच्या पटलाच्या दोन पदरांमध्ये साचत जाते. साचलेले तेल भिंगासारखा फुगवटा धरते आणि पेशीद्रवाच्या बाजूने बाहेर येते. हे जेथे घडते तेथे सायपिन या प्रथिनाचे कडे असते. माणसात असे 11 रेणू गोलाकार जोडले जाऊन हे कडे बनते. ते तेल एका जागी गोळा करते, तसेच थेंब आणि जालिका यांच्यातील मान टिकवून धरते. सायपिन नसेल तर काही थेंब अतिशय बारीक, तर काही बेसुमार मोठे होतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष जन्मजात मेदक्षयाला कारणीभूत ठरतो, हे 2001 मध्ये उघड झाले. अशा बालकांच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते. ती यकृतात व स्नायूंत साचते आणि पुढे मधुमेह जडतो.

तंतुकणिकांशी थेंबाचे नाते दुहेरी आहे. उपाशीपोटी थेंबातील मेद फोडून मेदाम्ले मोकळी होतात आणि तंतुकणिकांत जाळली जातात. हृदय आणि स्नायूंच्या पेशींत पेरिलिपिन-5 हे प्रथिन दोघांना जवळ बांधून ठेवते. मात्र थेंबाला चिकटलेली प्रत्येक तंतुकणिका मेद जाळत नाही. 2018 मध्ये तपकिरी मेदपेशींवर झालेल्या अभ्यासात अशा तंतुकणिका ट्रायग्लिसराइड बनवायला ऊर्जा पुरवताना आढळल्या. उपासमारीत पेशी स्वतःची पटले मोडू लागते, तेव्हा सुटलेली मेदाम्लेही आधी थेंबात बंद होतात. त्यामुळे तंतुकणिकांवर त्यांचा घातक भार पडत नाही.

थेंबाचा तुकडा लयकारिकेत पोहोचला, की ती आपल्या विकरांनी तो पचवते. यकृतपेशींतील हा मार्ग 2009 मध्ये दाखवला गेला. पेरॉक्सिसोम या अंगकाकडे अतिशय लांब साखळीची मेदाम्ले जातात. ती तोडण्याची सुरुवात तेथेच होते.

शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी थेंबाला हलावेही लागते. या वाहतुकीचा महत्त्वाचा शोध मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने लावला. उंदरांच्या यकृतातून थेंब वेगळे काढून त्यांनी ते सूक्ष्मनलिकांवरून धावताना पाहिले. पोट भरलेले असताना इन्शुलिनच्या प्रभावाने कायनेसिन हे वाहक प्रथिन थेंबाला जोडले जाते आणि त्याला पेशीच्या कडेकडील आंतर्द्रव्यजालिकेकडे ओढते. तेथे ट्रायग्लिसराइडची पुनर्बांधणी होऊन ते रक्तात सोडले जाते. उपवासात शरीरातील मेदाम्ले यकृताकडे धावतात, पण इन्शुलिन घटल्याने थेंबांवरचे कायनेसिनही कमी होते. म्हणून यकृत तो मेद धरून ठेवते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड आटोक्यात राहते.

हीच यंत्रणा रोगातही सामील होते. हिपॅटायटिस सी विषाणूचे गाभा-प्रथिन मेदथेंबावर जमते आणि लगतच्या आंतर्द्रव्यजालिकेच्या मदतीने नवे विषाणू जुळवले जातात. यकृताच्या 5 टक्के किंवा त्याहून अधिक पेशींत मेदथेंब साचले, तर त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. अति आहार आणि स्थूलता ही त्याची ठळक कारणे. पण अनुवंशही महत्त्वाचा असतो. पीएनपीएलए-3 या जनुकाचा एक प्रकार 2008 मध्ये या विकाराशी जोडला गेला. त्यातून बनणारे बदललेले प्रथिन थेंबाच्या पृष्ठभागावर साचून राहते आणि मेद फोडण्याच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे यकृताचे आरोग्य समजून घेताना मेद किती साठला याइतकेच, तो थेंबातून पुढे जाऊ शकतो का, हेही पाहावे लागते.