तळ्याकाठचे घर आणि छपरावरचे पाणी

‘लेक व्ह्यू’ घरांच्या जाहिरातीत पाणी नेहमी खिडकीतून दिसते. त्या पाण्यापर्यंत रोज चालत जाता येईल का आणि वीस वर्षांनी ते पाणी कसे असेल, याबद्दल जाहिरात गप्प असते. अमेरिकेतल्या रेस्टन या गावाने मात्र दोन्ही प्रश्नांचा अनुभव साठ वर्षे घेतला आहे.

वॉशिंग्टनपासून साधारण 30 किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्यात हे गाव वसले. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध ‘कार्नेगी हॉल’ विकून आलेल्या पैशांतून रॉबर्ट ई. सायमन यांनी 1961 मध्ये तिथे 6,750 एकर जमीन घेतली. गावाच्या नावातली पहिली तीन इंग्रजी अक्षरे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आहेत. तेव्हाच्या अमेरिकी उपनगरांत प्रत्येक घराला स्वतंत्र प्लॉट, पुढे-मागे हिरवळ आणि कुठेही जायचे तर मोटार, असा शिरस्ता होता. सायमन यांनी तो मोडला. 1962 मध्ये तिथल्या कौंटीने नवा नियम मंजूर केला : किती दाट वस्ती करायची, हे एकेका प्लॉटवर न मोजता सगळ्या जमिनीवर मिळून मोजायचे. त्यामुळे काही ठिकाणी एकमेकांना लागून घरे आणि इमारती बांधता आल्या, आणि ओढ्यांच्या काठची झाडी सर्वांसाठी मोकळी ठेवता आली. ओढे अडवून तळी केली गेली. आज तिथे अशी चार तळी आहेत.

या मोकळ्या जागेतून आज सुमारे 88 किलोमीटरच्या पायवाटा जातात. मोठ्या रस्त्यांखाली पादचाऱ्यांसाठी बोगदे आहेत. आरोग्याच्या दृष्टीने योजनेतला हाच भाग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला ही जेमतेम बावीस मिनिटे. पण ‘फिरायला जाणे’ हे वेगळे काम असले की ते आधी बुडते. दुकान, शाळा, पोहण्याचा तलाव यांच्याकडे जाणारी वाट दारातून निघत असेल, तर चालणे आपोआप घडते. सायमन स्वतः 1993 मध्ये तिथल्या ॲन तळ्याकाठी राहायला परतले आणि 2015 मध्ये, वयाच्या 101व्या वर्षी वारले. अर्थात एका माणसाच्या वयावरून पायवाटांना श्रेय देणे विज्ञानाला धरून होणार नाही!

चुकले ते पाण्याच्या बाबतीत. जंगलात पडलेला पाऊस बराचसा जमिनीत मुरतो; छपरांवर आणि डांबरावर पडलेला तसाच वाहून जातो. रेस्टनमध्ये, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, पावसाळी गटारे थेट ओढ्यांत सोडली होती. झाडी राखलेली, पण तिच्यामधल्या ओढ्यात प्रत्येक जोरदार सरीला लोंढा येई. काठ ढासळले, झाडांची मुळे उघडी पडली आणि ती माती तळ्यांत जाऊन बसली. गाळ उपसण्याची वेळ पुन्हा पुन्हा आली.

गाळाने तळे उथळ होते, एवढ्यावर भागत नाही. मातीला चिकटून फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचा स्फुरद, पाण्यात येतो. हिरवळीवरचे खत, पाने, कुत्र्यांची विष्ठा यांतून आणखी भर पडते. स्फुरद मिळाला की शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. त्या पाण्यामुळे त्वचेवर पुरळ येते, पोट बिघडते आणि ते पाणी प्यायलेली कुत्री दगावू शकतात. अनेक देशांत अशा तळ्यांत तुरटी सोडतात. गढूळ पाणी निवळायला आपल्या घरी फिरवली जाते, तिच्यासारखीच ही तुरटी. ती स्फुरदाला धरून तळाशी बसवते. पण वरून नवा स्फुरद येत राहिला, तर हा उपाय किती पुरणार? व्हर्जिनियाने 2013च्या अखेरीस हिरवळीसाठीच्या स्फुरदयुक्त खताच्या विक्रीवरच बंदी घातली.

2008च्या सुमारास रेस्टनमध्ये ओढ्यांची दुरुस्ती सुरू झाली. खोल गेलेले तळ भरून उचलले, दगड रचले, प्रवाहाला वळणे दिली, म्हणजे पुराचे पाणी काठावर पसरून मंदावेल. यंत्रे आत नेण्यासाठी झाडे तोडावी लागली, आणि ज्या झाडीसाठी लोक तिथे राहायला आले होते तीच पडताना पाहून रहिवासी संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. छपरांचे पाणी मुरवायची जागा आराखड्यातच ठेवली असती, तर हा प्रसंग बहुधा टळला असता.

पायवाटा, झाडी आणि तळी सांभाळणाऱ्या संस्थेला तिथले घरमालक दरवर्षी वर्गणी देतात. गाळ उपसण्याचा खर्चही त्यांच्याच खिशातून जातो, ज्यांच्या खिडकीतून तळे दिसत नाही त्यांच्याही.