टाच घट्ट, घोटा मोकळा

चालताना आपण पावलाने जमीन मागे ढकलतो आणि अंग पुढे जातं. वर्षाचं मूलही हे शिकतं आणि पुन्हा कधी त्याचा विचार करत नाही. त्याच मुलाच्या पायाला चाकं लावा, की हा हिशोब मोडलाच. पाय मागे ढकलावा तर जमीन रेटा परत देतच नाही, चाक नुसतं मागे पळतं, पाय अंगाखालून निसटतो आणि मूल तोंडावर येतं. शिरूरच्या एखाद्या सोसायटीतल्या काँक्रीटवर नव्याने स्केट घातलेली मुलं बघा, पहिले काही दिवस सगळी हेच करत असतात. जागच्या जागी पाय मारत राहतात. मग स्केटिंग करणारा पुढे जातो तरी कसा?

दौंड जंक्शनच्या फलाटावर उभं राहिलं की त्याचं उत्तर दिसतं. रुळावरचा डबा रुळाच्या दिशेने इतका मोकळा असतो की शंटिंगमध्ये एक धक्का मिळाला की बराच लांब आपोआप जातो. पण तोच डबा आडवा ढकलायला जा, तसूभर हलणार नाही. स्केटचंही तेच आहे. चाकाच्या दिशेने अडथळा जवळजवळ शून्य, आडव्या दिशेने मात्र भक्कम आधार. म्हणून स्केटर पाय थोडा बाहेर वळवतो आणि चाकांच्या आडव्या दिशेला, म्हणजे कुशीकडे, रेटा देतो. जमीन तो रेटा परत देते आणि पाय तिरका असल्यामुळे त्यातला काही भाग अंगाला पुढे नेतो. जगातले वेगवान स्केटर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पळतात, ते असं सतत बाजूला ढकलत. हे पहिल्यांदा नीट समजतं तेव्हा चालण्याइतकी साधी गोष्टसुद्धा नव्याने बघावीशी वाटते.

आता हा सगळा रेटा पायातून जमिनीपर्यंत पोचवायचा कुणी? बुटाने. आणि खरी गंमत बुटातच आहे.

बर्फावरच्या हॉकीच्या बुटाला चाकं नसतात, खाली धातूचं पातं असतं, आणि ते अवघं तीनएक मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाला लांबीभर बारीक पन्हळ काढलेली असते, त्यामुळे पात्याला एक नाही, दोन धारा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. शिवाय पातं लांबीतही किंचित गोलाकार घासलेलं असतं. त्या गोलाईची त्रिज्या साधारण तीन मीटर, म्हणजे एका वेळी पात्याचा लहानसा तुकडाच बर्फाला टेकतो. ऐंशी किलोचा माणूस एवढ्याशा धातूवर उभा राहतो, वळतो, उलटा पळतो आणि बर्फाचा फवारा उडवत थांबतो. घोटा दोन अंश इकडचा तिकडे झाला की आतल्या धारेवरचा माणूस बाहेरच्या धारेवर जातो. तेव्हा घोटा आणि पातं यांच्यामध्ये जे काही आहे, त्याने एकही अंश वाटेत हरवता कामा नये.

आपल्या भागात बर्फ नाही, पण हा बूट आपल्याकडे आला आहे, चाकांवर बसून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसमध्ये स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांनी उन्हाळ्यातही सराव करता यावा म्हणून हॉकीच्या बुटाखाली पात्याऐवजी एका ओळीत चाकं बसवली. आज ज्याला आपण इनलाइन स्केट म्हणतो, त्याचा प्रसार तिथून झाला. भारतात रोलर स्केटिंग फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धांत इनलाइन हॉकीही खेळली जाते आणि तिचा बूट म्हणजे थेट बर्फाच्या हॉकीचाच बूट, खाली ७२ ते ८० मिलिमीटरची चार चाकं.

असा एखादा चांगला बूट हातात मिळाला तर टाचेच्या वरचा भाग दोन्ही तळव्यांत धरून दाबून बघा. दबत नाही. मग बुटाचा वरचा काठ पुढे, नाडीच्या दिशेने रेटा. आता तो थोडा झुकतो आणि सोडला की जागेवर येतो. एकाच बुटात हे दोन स्वभाव मुद्दाम घडवलेले असतात. आडव्या दिशेने ताठ, म्हणजे कुशीकडचा रेटा वाटेत जिरत नाही. पुढच्या दिशेने लवचीक, म्हणजे नडगी पुढे झुकू शकते. स्केटिंगची सगळी ढब या दुसऱ्या स्वभावावर उभी आहे, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं.

का, ते घरच्या घरी कळतं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. बहुतेकांचा टेकतो. त्या क्षणी नडगी पावलावर पुढे झुकलेली असते आणि वजन चवड्यापर्यंत आलेलं असतं. हीच स्केटरची बैठक. आता कल्पना करा की घोटा प्लास्टरमध्ये आहे. गुडघे वाकवले तर ढुंगण मागे जातं, त्याबरोबर वजन टाचेच्या मागे जातं आणि माणूस मागे पडतो. पडायचं नसेल तर एकच उपाय, कमरेतून पुढे वाकणं. फार कडक बूट घातलेलं मूल हेच करतं. पाय काठीसारखे ताठ, कंबर वाकलेली, नजर जमिनीवर. प्रशिक्षक ओरडतात, "कंबर नाही, गुडघे वाकव!" मुलाला ते ऐकू येतं, पटतंही, पण बूट वाकू देत नाही. अशा मुलाला धीट हो, घाबरू नकोस असं सांगत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि कडक म्हणजे किती, हे वजनावर ठरतं. हॉकीतली चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे वेग घेते आणि ती घोट्यावर बसली तर हाड मोडू शकतं, म्हणून मोठ्या खेळाडूंच्या बुटाचं कवच चिलखतासारखं असतं. ऐंशी-नव्वद किलोचा खेळाडू ते आपल्या वजनाने वाकवतो. पंचवीस किलोच्या मुलाला तेच कवच भिंतीसारखं लागतं. महाग म्हणजे चांगलं हा नेहमीचा हिशोब इथे उलटा पडतो.

उलट टोकाचा बूटही तितकाच वाईट. खेळण्यांच्या दुकानातल्या पिशवीसारख्या मऊ स्केटमध्ये घोटे आत पडतात, गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि मूल कायम आतल्या धारेवर राहतं. आतल्या धारेवर एका पायाने सरळ घसरत जाता येत नाही, स्केट आपोआप आत वळतो. आणि एका पायावर निवांत तोलून राहता आलं नाही तर दुसऱ्या पायाला पूर्ण रेटा द्यायला वेळच मिळत नाही. मग पावलं आखूड आणि घाईची पडतात. घरचे म्हणतात, याचे घोटे कमजोर आहेत. बहुतेक वेळा कमजोर बूट असतो.

आता मापाचं. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना आपण एक नंबर मोठा घेतो, वाढत्या वयाचं पोर आहे, दोन वर्षं जातील. यात काही चूक नाही, पैसे कष्टाचे असतात. पण स्केटमध्ये हा एक नंबर सगळं शिकणं खाऊन टाकतो. बुटात जागा असली की पाऊल आधी आत फिरतं आणि मग बूट फिरतो. मुलाने वळायचं ठरवलं आणि स्केट वळला, यांच्यामध्ये क्षणभराची फट पडते. तेवढ्यात तोल गेलेला असतो. टाच आत वर-खाली होत असेल तर मूल नकळत बोटं आवळून बूट धरून ठेवतं आणि पोटऱ्या दुखायला लागतात. मग कुणीतरी नाड्या कचकचून आवळतं. त्याने टाच बसत नाही, पण घोट्याच्या पुढच्या बाजूच्या स्नायुबंधांवर नाडीचा करकचून दाब येतो आणि तिथली दुखणी खेळाडूंना महिनोन्‌महिने छळतात. हॉकीचा स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान बसतो, हे तर अनेक दुकानदारही सांगत नाहीत.

थोर खेळाडू या बाबतीत टोकाला गेले. पॉल कॉफी हा कॅनेडियन बचावपटू आपल्या मापापेक्षा चांगलेच लहान स्केट घालायचा, आणि १९८५-८६ च्या हंगामात त्याने ४८ गोल केले, बचावपटूसाठी तो विक्रम होता. बॉबी ऑर मोजेच घालत नसे. पावलाला पातं जितकं जवळून कळेल तितकं बरं, हा त्यामागचा विचार. मुलांवर हा प्रयोग करू नये, पण दिशा ध्यानात घ्यावी.

सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र वेगाच्या स्केटिंगमध्ये दिसते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी रोलर स्केटिंगच्या तीन हजार मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या चौघांत आर्यनपाल घुमान आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्याबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती. या शर्यतीचा बूट पाहिलात तर चकित व्हाल, तो घोट्याच्या खालीच संपतो! हॉकीतला तो उंच, ताठ खांब इथे नाहीच. तळ आणि टाचेची वाटी कार्बन फायबरची, दगडासारखी कडक, आणि घोटा पूर्ण मोकळा. कारण वेगवान स्केटरला खोल बसायचं असतं आणि रेटा लांबवर न्यायचा असतो. घोटा बाजूला पडू न देण्याचं काम बुटाऐवजी वर्षानुवर्षं कमावलेले स्नायू करतात. हॉकीपटूला झटक्यात थांबायचं असतं, उलटं पळायचं असतं, धक्के खायचे असतात, म्हणून त्याला वरपर्यंत आधार लागतो. पण टाच दोघांचीही सारखीच जखडलेली असते. त्यात तडजोड नाही.

रेट्याचा शेवट हा आणखी एक नवलाचा भाग. उडी मारताना आपण शेवटी चवड्यावर येतो, पोटरीचा जोर तिथेच लागतो. बर्फावरच्या वेगाच्या लांब, सपाट पात्यात ते जमत नसे. टाच उचलली की पात्याचं टोक बर्फात रुतायचं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या स्केटरना घोटा न ताणता रेटा द्यायला शिकवलं गेलं. ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेरिट यान व्हान इंगेन स्खेनाउ यांनी विचारलं, पोटरीची ही ताकद वाया का घालवायची? त्यांनी पात्याला चवड्याखाली बिजागरी लावली. टाच उचलते, पातं मात्र बर्फावर टेकलेलंच राहतं. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत जवळजवळ सगळे त्याच स्केटवर आले आणि तिथे विक्रमांमागून विक्रम मोडले. हॉकीच्या बुटात बिजागरी नसते, पण पोटरीमागची ताठ पट्टी हाच अडथळा आणते. मॉन्ट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पट्टी लवचीक केलेले स्केट खेळाडूंना देऊन पाहिले, तर घोट्याची हालचाल वाढलेली दिसली.

एवढं वाचून असं वाटेल की हे सगळं थंड देशांचं ज्ञान आहे आणि आपली मुलं त्यात मागेच असणार. मला तसं अजिबात वाटत नाही. शिरूरकडच्या कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसलेल्या बाईकडे बघा. उकिडवी, टाचा जमिनीला टेकलेल्या, नडगी पुढे झुकलेली, आणि अशी ती तासन्‌तास बसते. स्केटरला लागतो तोच घोट्याचा वाक. खुर्चीवर वाढलेल्या कित्येक माणसांना टाच टेकवून असं बसताच येत नाही. आपल्या खेड्यातल्या मुलांकडे तो लहानपणापासूनचा असतो.

पावलांचीही तीच गोष्ट. १९९२ मध्ये राव आणि बेंजामिन जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. अनवाणी वाढलेलं पाऊल चवड्याकडे पसरटही असतं. म्हणजे दौंडच्या उसाच्या बांधावरून पळणाऱ्या पोराकडे कमान असलेलं, जोरकस पाऊल आहे आणि मोकळा घोटा आहे. त्याला गरज आहे ती चवड्याकडे रुंद आणि टाचेकडे घट्ट बुटाची. परदेशी कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात ते यासाठीच. काही बूट तर ओव्हनमध्ये गरम करून पायावर घट्ट बसवून घेता येतात.

शिरूर-दौंडच्या पालकांनो, मुलीसाठी किंवा मुलासाठी स्केट घ्यायला पुण्याला जाल तेव्हा संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात, आणि पातळ मोजे बरोबर ठेवा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला लागू द्या आणि टाचेमागे एक बोट घालून बघा. एक बोट जेमतेम जाईल तर माप बरोबर, दोन गेली तर मोठं. मग टाच मागे ठोकून बसवा, बुटाची जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकाच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती पावलाच्या उंचवट्याला अडून दोन्ही काठांवर सपाट बसत नसेल तर बूट पायाला उथळ आहे. शेवटी नाड्या बांधून मुलाला उभं करा आणि गुडघे वाकवायला सांगा. बोटं टोकापासून किंचित मागे यायला हवीत, टाच जागची हलायला नको आणि नडगी पुढे झुकायला हवी. नडगी झुकत नसेल, तर कंपनी कितीही नावाजलेली असो, तो जोड घेऊ नका.