रंगीत पिलाला थंडी वाजते

ठाकूरद्वारच्या चाळीत मुलांनी हौसेने आणलेले कोंबडीचे रंगीत पिलू दगावले, की आपण म्हणतो, 'त्याने काही खाल्लेच नाही.' खरे कारण बहुधा थंडी असते.

नवजात पिलाच्या पोटात अंड्यातला थोडा बलक उरलेला असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तगते. शरीराची ऊब मात्र त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. मुंबईतली रात्रही त्याला गारच!

गावाकडे खुडूक कोंबडी ही ऊब पंखांखाली देते. जास्त अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून परसात त्या पाळणाऱ्यांना सहसा पिले विकत घ्यावी लागतात. नको असलेले काही नर असे रंगवून विकले जातात. पिलू आणलेच, तर आधी दिव्याची ऊब देऊ या.