दाढीचा ब्रश : एक उपेक्षित उपकरण

नित्याच्या वापरातील वस्तूंविषयी लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. छत्री, चष्मा, चपला, घड्याळ यांवरचे लघुनिबंध आपण शाळेपासून वाचत आलो. दाढीच्या ब्रशाला मात्र हे भाग्य फारसे लाभलेले दिसत नाही. न्हाणीघराच्या कोनाड्यात, अर्धवट साबणासह वाळून कडक झालेला, केस चहूकडे फाकलेला असा तो वर्षानुवर्षे उभा असतो. रोज सकाळी दोन-तीन मिनिटे त्याला राबवून घ्यायचे आणि पुन्हा तेथेच ठेवून द्यायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. हल्ली दाढी राखण्याची टूम आहे हे खरे. महाविद्यालयाच्या आवारात उभे राहून पाहिले तर एखाद्या ऋषिकुलात आल्याचा भास होतो. परंतु राखलेल्या दाढीलाही गळ्याशी आणि गालावर रेघ आखावीच लागते. तेव्हा विषय अगदीच कालबाह्य झालेला नाही.

ब्रश फेस करण्यासाठी असतो, असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. ब्रशाचे मुख्य काम दाढीच्या केसापर्यंत पाणी नेण्याचे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चिवट आणि ताठ असतो. पण त्याला पाणी पिण्याची मोठी हौस. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी तो शोषून घेऊ शकतो आणि तसे झाले की फुगतो, मऊ होतो. मग पाते त्यातून सहज जाते. अडचण अशी की केसावर त्वचेतील तेलाचा पातळ थर असतो आणि पाणी आत शिरायला काही मिनिटे लागतात. साबण तो तेलाचा थर हटवतो, आणि फेस ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवतो. नुसते पाणी गालावरून ओघळून जाईल. फेसात अडकलेले पाणी जागचे हलत नाही.

आपल्या गावगाड्यातील जुन्या नाभिकांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक होती. धोकटीत वस्तरा, सहाण आणि पाण्याची वाटी. ब्रश नाही आणि पुष्कळदा साबणही नाही. ओल्या बोटांनी गाल आणि हनुवटी चोळून चोळून दाढी अशी भिजवायची की वस्तरा लावण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला झोप यावी. ब्रश हे त्या बोटांचेच काम जरा कमी वेळात करतो. घाईत असलेल्या माणसाचे गाल दाढीनंतर जळजळतात, त्याचा दोष तो पात्याला देतो. पाते बदलून पाहतो, दोन पात्यांऐवजी पाच पात्यांचे यंत्र आणतो. पण दाढी भिजलीच नसेल तर पाचही पाती एकामागून एक तोच अत्याचार करतात.

ब्रशाचे केस तीन-चार जातींचे असतात. युरोपात प्रतिष्ठा आहे ती बॅजरच्या केसाला. बॅजर हा बिळात राहणारा, अस्वलाच्या अंगलटीचा लहानसा प्राणी. त्याचा केस मधे जाड आणि टोकाला निमुळता असल्याने ब्रशात भरपूर पाणी राहते आणि टोके गालाला टोचत नाहीत. दुसरा डुकराचा राठ केस. हा स्वतः पाणी शोषतो, सुरुवातीला खरखरीत लागतो. पण काही आठवडे वापरल्यावर त्याची टोके दुभंगतात आणि ब्रश मऊ होतो. नव्यापेक्षा जुना बरा, असे ज्यांच्याविषयी म्हणता येते अशा थोड्या वस्तूंपैकी ही एक. तिसरा घोड्याच्या आयाळीचा किंवा शेपटीचा. आणि चौथा कृत्रिम धाग्याचा. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनचे दात घासायचे ब्रश बाजारात आले आणि पुढे हा धागा सर्व प्रकारच्या ब्रशांत शिरला. पूर्वीचे नायलॉनचे दाढीचे ब्रश म्हणजे केरसुणीची धाकटी बहीण. आजचे कृत्रिम धागे मात्र फार बारीक आणि निमुळते काढता येतात, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने दुसऱ्या कशाच्या वाटेला जाऊ नये. हा धागा पाणी पीत नाही, म्हणून भिजत ठेवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. शिवाय ज्यांच्या घरी डुकराचा केस चालत नाही त्यांचीही अडचण राहत नाही. आणि बॅजरसारख्या प्राण्याला आपल्या गालांसाठी मारावे काय, हा प्रश्नही उरत नाही.

जनावराच्या केसाबद्दल बोलताना एक विलक्षण प्रकरण सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेतील डॉक्टरांकडे चेहऱ्यावर किंवा मानेवर फोड आलेले रुग्ण येऊ लागले. फोडाच्या मध्यभागी काळी खपली धरे, भोवती सूज येई आणि काही जण दगावत. रोग होता काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. हा मुळात गुराढोरांचा रोग. कातडी आणि लोकर कमावणाऱ्यांना तो होतो हे ठाऊक होते. पण यांतले कित्येक जण सैनिक होते. शोध घेता घेता बोट नव्या कोऱ्या दाढीच्या ब्रशापाशी येऊन थांबले. बॅजरचे केस महाग, म्हणून घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे रंगवून स्वस्त ब्रश बनवले जात. हे केस रशिया, चीन, जपान अशा दूरच्या प्रदेशांतून येत. युद्धापूर्वी त्यांतले पुष्कळसे युरोपातील ज्या वाटेने येत तेथे त्यांचे निर्जंतुकीकरण होत असे. युद्धाने ती वाट बंद झाली आणि केस थेट, जसेच्या तसे कारखान्यांत पोहोचू लागले. अँथ्रॅक्सचा जंतू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूचे रूप घेतो आणि त्या रूपात वर्षानुवर्षे तग धरतो. साधे गरम पाणी त्याचे काही बिघडवू शकत नाही. दाढी करताना गालावर बारीक ओरखडे पडतातच. ब्रश त्या ओरखड्यांवर बीजाणू चोळून बसवी. १९१५ नंतरच्या दहाएक वर्षांत दोन्ही देशांत मिळून दोनशेच्या वर माणसांना अशी लागण झाली. ब्रिटनने १९१९ मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. आज कारखान्यांत केसांवर प्रक्रिया होते आणि या भीतीने कोणी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. तरीही ब्रश रोज नकळत झालेल्या जखमांवरून फिरतो, ही गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता वापराकडे वळू. तोंड धुण्याआधी ब्रश कोमट पाण्याच्या मगात उभा करावा. केस बुडावेत, मूठ शक्यतो बुडू नये. मूठ लाकडी असेल तर ती फुगून तडकते. जनावराच्या केसाला दोन-तीन मिनिटे द्यावीत, कृत्रिम धाग्याला नुसती बुडी पुरते. पाणी उकळते कधीच घेऊ नये. केसांचा झुबका मुठीत डिंकासारख्या चिकट द्रव्याने बसवलेला असतो. कढत पाण्याने ते द्रव्य ढिले पडते आणि मग केस एकेक करून गालावर उतरू लागतात. नवा ब्रश पहिले काही दिवस चार-दोन केस टाकतो, त्याची चिंता नको. महिन्यानंतरही रोज टाकत असेल तर तो मुळातच कच्चा बांधलेला आहे असे समजावे.

ब्रश बाहेर काढून एक-दोनदा झटकावा. त्यावर क्रीम घ्यायचे ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे, फार तर शेंगदाण्याएवढे. जाहिरातीतील चित्रात ब्रशाच्या टोकावर क्रीमची मोठी पट्टी दाखवलेली असते, ती क्रीम विकणाऱ्याच्या सोयीची. मग भिजलेल्या गालावर ब्रश हलक्या हाताने गोल गोल फिरवावा. फेस कोरडा वाटला तर ब्रशाची टोके पाण्याला लावून पुन्हा फिरवावा, असे दोन-तीनदा. येथे बहुतेकांचा हात चुकतो. मोठमोठे बुडबुडे दिसले की फेस झाला असे ते समजतात. ताक घुसळताना वर येणारा फेस काय कामाचा? तो क्षणात बसतो. आपल्याला हवा तो घट्ट विरजलेल्या दह्यासारखा, चकाकणारा, बुडबुडे डोळ्यांना न दिसणारा फेस. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल अधिक असते आणि सोड्याबरोबर पोटॅशचाही क्षार वापरतात, तो असा टिकाऊ फेस यावा म्हणूनच. अंघोळीच्या साबणाचा फेस पाते गालावर येईपर्यंत वाळून जातो. अडल्या वेळी चालतो, रोज नव्हे.

ब्रश दाबून रगडणे हा दुसरा दोष. त्याने केस मुळाशी मोडतात आणि झुबक्याच्या मधोमध टक्कल पडते. केसांचा वरचा तिसरा भाग वाकेल एवढाच जोर पुरे. शेवटी रंगाऱ्यासारखे वरून खाली, खालून वर असे दोन हात मारावेत आणि मिनिटभर थांबावे. त्या मिनिटात पाणी आपले काम करत असते.

दाढी झाली की खरी परीक्षा सुरू होते, कारण ज्या पाण्यासाठी ब्रश घेतला तेच पाणी आता त्यातून काढायचे आहे. प्रथम साबण. नळाखाली टोके धुतली म्हणजे ब्रश धुतला असे नाही. साबण दडून बसतो तो मुळाशी. वाटीत स्वच्छ पाणी घेऊन ब्रश उघडझाप केल्यासारखा दाबावा, पाणी नितळ दिसेपर्यंत दोन-तीनदा बदलावे. मग मुळापासून टोकाकडे बोटांनी हलके पिळावे. ओढू नये, पिरगाळू नये.

आपल्याकडे विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याचा आणखी एक त्रास असतो. मराठवाड्यात आणि देशावर पुष्कळ ठिकाणी हे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात. तो केसांच्या बुडाशी साचला की केस फाकतात आणि ठिसूळ होतात. अशा गावी राहणाऱ्याने महिन्यातून एकदा एक भाग व्हिनेगार आणि दहा भाग पाणी अशा मिश्रणात ब्रश पाच मिनिटे बुडवावा. घरात व्हिनेगार नसेल तर लिंबाचा गाळलेला रस पाण्यात घालून चालतो. नंतर डोक्याला लावायच्या शांपूने धुऊन टाकावा. जनावराच्या केसाच्या नव्या ब्रशाला वास येतो, तोही दोन-चार वेळा शांपूने धुतल्यावर जातो.

धुतल्यावर ब्रश उलटा टांगावा की सरळ उभा करावा, यावर शौकीन लोक हिरिरीने वाद घालतात. टांगणाऱ्यांचे म्हणणे असे की पाणी खाली ओघळून जाते. पण केसांच्या दाट झुबक्यातील बारीक फटींत पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच कारणाने. ते धरलेले पाणी टांगल्याने फारसे सुटत नाही. ते निघते झटकल्याने आणि हवा लागल्याने. म्हणून चार-पाच वेळा जोराने झटका द्यावा, कोरड्या पंचावर केस हलके पुसावेत, आणि मग टांगा किंवा उभा करा, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवा म्हणजे झाले. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो पाहता पाहता वाळेल. कोकणात आषाढ-श्रावणात, जेथे पापड आणि पुस्तकेही मऊ पडतात, तेथे बंद न्हाणीघरात ठेवलेला ब्रश दुसऱ्या सकाळीही ओलाच असतो आणि आठवड्याभरात त्याला बुरशीचा कुबट वास येतो. पावसाळ्यापुरता ब्रश खिडकीशी हलवावा, किंवा दोन ब्रश आळीपाळीने वापरावेत. प्रवासात ओला ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घालण्यासारखा दुसरा अपराध नाही. कागदात गुंडाळावा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर आधी बाहेर काढावा.

ओलसर ब्रशात काय वाढते? त्वचेवर राहणारे पूजनक जंतू आणि बुरशी. केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, जुनी माणसे ज्याला न्हावगंड म्हणत तसे फोड येतात, क्वचित दाढीत नायटा होतो. आपला आपल्यालाच हा त्रास, इतके असते तर एक वेळ चालले असते. पण वसतिगृहात एका खोलीत तिघे आणि ब्रश एक, अशी स्थिती नवलाची नाही. साबण, तेल, चहाचा कप यांची उसनवारी करणाऱ्या दोस्तीचे कौतुक आहे. तीत दाढीचे सामान नको. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू रक्ताच्या सूक्ष्म अंशात असतो आणि शरीराबाहेर निदान सात दिवस टिकू शकतो. पाते आणि वस्तरा यांचा धोका सर्वांत मोठा. ब्रशाचा त्याहून कमी, पण कापलेल्या गालावरून तोही फिरलेला असतो. केशकर्तनालयात गेल्यावर आपण नवे पाते घालायला सांगतो आणि नाभिक बांधव ते आपल्यादेखत घालतातही. ब्रशाकडे मात्र ना आपले लक्ष, ना त्यांचे. सकाळपासूनच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या गालांवरून तो एकच ब्रश, त्याच वाटीतून बुडून, फिरत असतो. 'दादा, फेस हाताने लावा' एवढे म्हणायला हरकत नसावी. त्यांच्या बोटांना ती कला येतेच. नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर स्वतःचा ब्रश घेऊन गेलात तरी कोणी वाईट मानत नाही.

नीट निगा राखली तर साधा ब्रशही कित्येक वर्षे टिकतो. केस मधोमध विरळ झाले, धुऊनही वास जाईना किंवा झुबकाच मुठीत हलू लागला की त्याला निवृत्त करावे. शांपूने धुऊन खडखडीत वाळवलेला म्हातारा ब्रश हार्मोनियमच्या पट्ट्यांमधली आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यावरची धूळ झाडायला फार उत्तम. फक्त त्याच्या मुठीला एखादा रंगीत दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईच्या सकाळी तो चुकून पुन्हा गालापर्यंत पोहोचणार नाही.