लिलावातली जीप आणि घरामागचं वर्कशॉप

घरगुती यंत्रकामाच्या छंदावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्याची वाट ठरलेली असते. नागपूरच्या 'उद्यम' मासिकातल्या साबण-शाईच्या कृती, बेळगावात सायकलींच्या दुकानातून नांगराकडे वळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर, टाइप ओतण्याची यंत्रं बनवणारे शंकर आबाजी भिसे, आणि तिथून थेट पुण्या-मुंबईतल्या रविवारच्या सुतारकामाकडे. ही नावं आलीच पाहिजेत. पण मधला सगळा मराठवाडा गळतो. दुष्काळी मुलखाला छंद परवडत नव्हता, असं वर ऐकवलं जातं. हे मला अजिबात मान्य नाही. धाराशिव जिल्ह्यात वर्कशॉप उभं राहिलं ते गरजेतून, आणि पुढे त्याची गोडी लागली. गरजेतून आलेल्या गोडीला छंद न म्हणायचं कारण आजवर कुणी मला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे सुरुवात विहिरीवरच्या डिझेल इंजिनापासून झाली. ऐन पाळीला इंजिन बंद पडलं आणि तालुक्याहून मिस्त्री यायला दोन दिवस लागले, की रान वाळायचं. म्हणून घरोघरी गोणपाटात पान्हे गुंडाळलेले असायचे. लाइनमधली हवा काढणं, नोझल साफ करणं, हेडचं गॅस्केट बदलणं हे शेतकऱ्याच्या पोराला मिसरूड फुटायच्या आत यायचं. पुढे वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या, इंजिनं गोठ्यात गेली. हात मात्र रिकामे बसले नाहीत. ते जीपकडे वळले.

जीपबद्दल मी सविस्तर लिहिणार, कारण तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. सरकारी खात्यांच्या थकलेल्या जीपगाड्या लिलावात निघायच्या. महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी त्यांत हमखास असायची. तिचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, आणि रचनेनं अजब. हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे वरचं टॅपेट झाकण काढून लावायचं आणि खालचं लावण्यासाठी मॅनिफोल्डच्या बाजूनं हात घालायचा. एकाच इंजिनात दोन पिढ्यांची विद्या शिकायला मिळते. फायरिंगचा क्रम १-३-४-२. तो आम्हाला पाढ्यांसारखा पाठ असे.

व्हॉल्व्ह घासण्याचं काम मला सगळ्यांत प्रिय. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. लाकडी दांडीचा रबरी कप व्हॉल्व्हच्या माथ्यावर चिकटवायचा, दोन्ही तळव्यांत दांडी धरून मागे-पुढे फिरवायची, मध्येच उचलून थोडी जागा बदलायची. घाईनं एकाच जागी घासलं तर सीटवर चरे पडतात. अखंड, एकसारख्या रुंदीचं, राखाडी कडं उमटलं की पेन्सिलीनं आडव्या रेघा ओढायच्या आणि व्हॉल्व्ह कोरडाच जागेवर बसवून किंचित फिरवायचा. सगळ्या रेघा तुटल्या तर बैठक बरोबर. एक जरी शाबूत राहिली तर पुन्हा पेस्ट. ज्या मिस्त्रींकडे मी हे शिकलो, ते रेघ तपासल्याशिवाय हेडला हात लावू देत नसत. अशा कामाला 'जुगाड' म्हणून हसणाऱ्यांनी एकदा त्या रेघा ओढून पाहाव्यात.

दुसरं भांडण विंटेज मंडळींशी. मूळचा एक नट बदलला तरी गाडी बाटली, अशी त्यांची धारणा. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक दिला, हे चांगलंच झालं. पण पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलेली जीपही तितकीच खरी आहे. महिंद्रानं स्वतः एमएम ५४०मध्ये पेजोचं डिझेल इंजिन घातलंच की! पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात तर जुन्या जीपच्या भागांतून 'मेकबुल' हा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. ही परंपरा काचेमागे ठेवण्याची नाही.

फियाटवर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ज्यांच्या प्रीमियर कंपनीनं ती बनवली, ते वालचंद हिराचंद शेजारच्या सोलापूरचे, एवढं नोंदवून पुढे जातो. तिचंच पुढचं नाव पद्मिनी; मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली.

घरी वाइन करण्याच्या छंदावरही थोडक्यातच लिहितो. आमच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, माल भडोचला जायचा आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरायची, हे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात आहे. वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाइन टिकली. आमच्याकडे द्राक्षं पिकतात, पण १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बरणी लावता येत नाही. आम्ही बेदाण्यावर थांबलो.

खरी तळमळ आजची आहे. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून संपते आणि त्या थेट मोडीत जातात. म्हणजे ज्या लिलावातून आमची वर्कशॉपं चालली, तो झराच आटला. प्रदूषणाचं कारण मला समजतं. पण निदान प्रत्येक आयटीआयला त्यातलं एकेक इंजिन उघडायला द्यायला काय हरकत होती? आजची पोरं हुशार आहेत, स्कॅनर लावून दोष पटकन सांगतात. दोष कळल्यावर मात्र अख्खा सीलबंद भाग बदलतात, कारण तो उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो.

आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाला त्यामुळे भाव मिळत असेल, तर शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मी त्याला विरोध करणार नाही. पण जुन्या जीपवाल्यांनी ऐकावं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतला ओलावा ओढतं आणि टाकी आतून गंजवतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामं करा. मिश्रण पातळ होऊन इंजिन तापत असेल, प्लग पांढरे पडत असतील, तर मेन जेट एक माप मोठा बसवा, आणि त्यानंतर प्लग पुन्हा काढून पाहा; फिकट तपकिरी रंग आला म्हणजे जेट बरोबर लागला.