लिंबू सरबत : उन्हाळ्यातील घरगुती पेयाचे प्रमाण व त्यामागील विज्ञान

सारांश :
लिंबू सरबत हे महाराष्ट्रातील घराघरांत उन्हाळ्यात केले जाणारे सर्वपरिचित पेय आहे. त्याची कृती सर्वांना ठाऊक असली तरी त्यातील साखर, मीठ, रस व पाणी यांच्या प्रमाणाचा विचार सहसा होत नाही. वास्तविक तहान भागविणे आणि शरीरातील पाण्याची झीज भरून काढणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांतील अंतर या प्रमाणावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात घाम, क्षार व साखर यांच्या शोषणाची प्रक्रिया, सरबताचे योग्य प्रमाण, कृतीतील प्रत्येक पायरीचे कारण आणि या पेयाच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : कागदी लिंबू, सरबत, सायट्रिक आम्ल, क्षारसंजीवनी, उष्माघात.

प्रस्तावना :
चैत्र-वैशाखात विदर्भ व मराठवाड्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नित्याचे आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूर या शहरांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. कोकणात तापमान तुलनेने कमी असते. परंतु हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि उष्णतेचा त्रास तितकाच तीव्र होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तापमान ४० अंशांच्या आत असतानाही उष्णता प्राणघातक ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. अशा परिस्थितीत उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती आपण काय देतो, हा प्रश्न केवळ आदरातिथ्याचा उरत नाही.

'सरबत' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. लिंबू मात्र याच भूमीचे. कागदी लिंबाचा उगम भारत व आग्नेय आशियाच्या परिसरात झाला आणि अरब व्यापाऱ्यांमार्फत ते भूमध्य सागराकडे गेले, असे मानले जाते. फळ येथील व शब्द तिकडचा, असा हा देवाणघेवाणीचा इतिहास एका पेल्यात सामावलेला आहे.

उद्दिष्टे :
१) घामावाटे होणारी पाणी व क्षार यांची झीज आणि सरबताचे घटक यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) सरबताचे योग्य प्रमाण व कृती सकारण मांडणे.
३) लिंबू सरबत व क्षारसंजीवनी यांतील फरक विशद करणे.

१. घाम आणि झीज :
मानवी शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. त्वचेवरील एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घाम नुसताच ओघळला, त्याची वाफ झाली नाही, तर पाणी जाते पण उष्णता जात नाही. दमट हवेतील अस्वस्थतेचे हेच कारण होय.

घामाबरोबर केवळ पाणी जात नाही. एक लिटर घामातून व्यक्तीपरत्वे कमीअधिक, परंतु साधारणपणे एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. मिठाच्या भाषेत हे प्रमाण सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा होते. अंगमेहनत करून खूप घाम गाळलेल्या माणसाने केवळ साधे पाणी मोठ्या प्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम आणखी विरळ होते. पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे अशी लक्षणे दिसतात. सरबतातील चिमूटभर मीठ हे म्हणूनच निव्वळ चवीपुरते नसते.

२. साखर व मीठ यांचा संयोग :
साखरेचे काम गोडी आणण्यापुरते आहे, असा सर्वसाधारण समज आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने लहान आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात, अशी संकल्पना मांडली. हे दोन्ही घटक आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणीही ओढले जाते. आपण वापरतो ती साखर आतड्याच्या भित्तिकेजवळ ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागली जाते आणि त्यातील ग्लुकोज हे कार्य करते.

या तत्त्वाचा सर्वांत मोठा प्रत्यय १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात आला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजले. परिणामी तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. घरगुती सरबत हे औषध नव्हे. परंतु मीठ व साखर यांची जोडी त्यात असते आणि तिचे कार्य तेच असते.

३. योग्य प्रमाण :
घरोघरी २०० मि.लि.च्या पेल्यात चार चमचे साखर घालण्याची पद्धत आढळते. हे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे बाजारातील शीतपेयांइतकेच होते. साखर आठ टक्क्यांपुढे गेली की द्रव जठरातून पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. द्रावणातील कणांची संख्या रक्ताहून अधिक झाल्यास आतडे पाणी घेण्याऐवजी काही काळ पाणी सोडू लागते. फार गोड सरबत प्यायल्यावर पुन्हा तहान लागते, या अनुभवामागे हेही एक कारण आहे.

एक लिटर पाण्यासाठी ५० ग्रॅम साखर (सपाट दहा चमचे), अडीच ग्रॅम मीठ (सपाट अर्धा चमचा) व ५० मि.लि. लिंबाचा रस (मध्यम आकाराची तीन ते चार लिंबे) हे प्रमाण समतोल ठरते. हिशेब केल्यास या द्रावणाची परासरणता, म्हणजेच विरघळलेल्या कणांचे प्रमाण, २५० मिलिऑस्मोलच्या आसपास येते. रक्तद्रवाची परासरणता सुमारे २९० असते. म्हणजे हे पेय रक्ताहून किंचित विरळ राहते व चटकन शोषले जाते. एका पेल्यासाठी हेच प्रमाण दोन चमचे साखर, दोन बोटांची चिमूट मीठ व अर्ध्याहून थोडे अधिक लिंबू असे होते. दिवसभर सावलीत बसून काम करणाऱ्याने मीठ निम्मे करावे. कारण दिवसाकाठी एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

४. कृती व तिची कारणमीमांसा :
अ) लिंबाची निवड : पातळ सालीचे, पिवळसर व हाताला जड लागणारे कागदी लिंबू रसदार असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'साई सरबती' व 'फुले सरबती' या वाणांच्या नावांतच त्यांचा उपयोग सांगितलेला आहे. उन्हाळ्यात लिंबू महाग होते, त्यालाही कारण आहे. या हंगामातील फळे हस्त बहाराची असतात. हा बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, परंतु तो काळ नेमका पावसाचा असतो. त्यामुळे मागणी सर्वाधिक असताना आवक कमी राहते. एप्रिल २०२२ मध्ये अनेक शहरांत लिंबाचा किरकोळ दर किलोला ३०० रुपयांपर्यंत गेला होता.

आ) रस काढणे : लिंबू प्रथम तळहाताखाली दाबून घोळवावे, म्हणजे आतील रसपेशी फुटतात. पिळताना बिया चिरडू नयेत व साल फार दाबू नये. बियांत व सालीच्या पांढऱ्या थरात लिमोनिन हे कडू द्रव्य असते. ते रसात उतरले की सरबत काही वेळाने कडवट लागते.

इ) मिसळण्याचा क्रम : साखर व मीठ आधी थोड्या साध्या पाण्यात पूर्ण विरघळवावे, मग उरलेले पाणी व शेवटी रस घालावा. गार पाण्यात साखर सावकाश विरघळते, ती तळाशी राहते आणि गोडी कमी वाटून आपण आणखी साखर घालतो. माठातील पाणी, त्यात टाकलेली वाळ्याची जुडी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पादेलोण, भिजवलेला सब्जा यांनी चव व गारवा वाढतो. पादेलोण घातल्यास साधे मीठ त्या प्रमाणात कमी करावे.

ई) भांडे : लिंबाच्या रसात सुमारे सहा टक्के सायट्रिक आम्ल असते व त्याचा सामू दोन ते अडीचच्या दरम्यान असतो. असा रस कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवल्यास धातू विरघळून पेयात उतरतो आणि तांब्याच्या सान्निध्यात 'क' जीवनसत्त्वाचाही वेगाने नाश होतो. याचा धडा इतिहासात नमूद आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी १२ आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री व लिंबे स्कर्व्हीवर गुणकारी असल्याचे दाखविले होते. पुढे १९ व्या शतकात ब्रिटिश आरमारात साठवणीचा रस वापरला जात असे. हवा व तांब्याच्या नळ्या यांच्या संपर्काने त्या रसातील सत्त्व घटत गेले आणि १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत रस असूनही स्कर्व्ही पुन्हा उद्भवला. काच, चिनी माती वा स्टीलचे भांडे वापरावे आणि सरबत ताजेच प्यावे, असा बोध यातून मिळतो.

उ) पाणी व बर्फ : लिंबाचे आम्ल काही जंतूंना प्रतिकूल असले तरी ते अशुद्ध पाणी शुद्ध करीत नाही. पाणी उकळून गार केलेले असावे. रस्त्यावरील सरबतातून होणाऱ्या आजारांचे मूळ बहुधा लिंबात नसून पाण्यात व बर्फात असते. औद्योगिक वापराचा बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन आहे.

५. लिंबू सरबत व क्षारसंजीवनी :
दोहोंत साम्य असले तरी ती एकमेकांना पर्याय नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर क्षारसंजीवनीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. तिची परासरणता २४५ असते. वरील प्रमाणातील सरबताची परासरणता तिच्या जवळ जाते. परंतु क्षारसंजीवनीत सोडियम ७५ मिलिमोल, तर सरबतात सुमारे ४३ मिलिमोल असते. पोटॅशियमची तफावत तर फार मोठी आहे : क्षारसंजीवनीत २० मिलिमोल, सरबतात जेमतेम दीड. म्हणून जुलाब-उलट्या होत असलेल्या बालकाला सरबतावर न ठेवता क्षारसंजीवनीच द्यावी. आकर्षक वेष्टनातील गोड पेयांनाही हेच लागू पडते. सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

मधुमेही व्यक्तींनी साखर वगळावी. उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी मिठाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उन्हाने शुद्ध हरपलेल्या किंवा असंबद्ध बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात सरबत ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ही उष्माघाताची लक्षणे असून अशा व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

६. महाविद्यालयीन संदर्भ :
उन्हाळी सत्राच्या परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान, क्रीडास्पर्धा हे उपक्रम अनेकदा भर उन्हात होतात. एकूण १०० पेल्यांसाठी २० लिटर पाणी, १ किलो साखर, ५० ग्रॅम मीठ व १ लिटर रस (सुमारे ७० लिंबे) इतके साहित्य पुरते. गृहविज्ञान, रसायनशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन हे काम केल्यास विद्यार्थ्यांना द्रावणाची संहती, परासरण व शरीरक्रिया या संकल्पना प्रत्यक्ष शिकता येतील.

निष्कर्ष :
१) घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे कष्टकऱ्याच्या सरबतात मीठ आवश्यक आहे.
२) साखर मर्यादित असल्यास ती पाण्याच्या शोषणास साहाय्य करते, अतिरिक्त झाल्यास अडथळा ठरते. लिटरला ५० ग्रॅमचे प्रमाण पुरेसे आहे.
३) भांडे, पाणी व बर्फ यांची शुद्धता रसाइतकीच महत्त्वाची आहे.
४) सरबत हे उष्णतेच्या त्रासाला प्रतिबंध करण्याचे साधन आहे, जुलाबावर ते क्षारसंजीवनीची आणि उष्माघातावर वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी चवीच्या अंदाजाने जपलेल्या या पेयाला मोजमापाची जोड मिळाली, तर अत्यल्प खर्चात अनेकांचा उन्हाळा सुसह्य होईल. उन्हात राबणाऱ्या मजुरापासून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत हे साधे ज्ञान पोहोचविणे, हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.